जुनी मोटरसायकल, गोव्याची हवा: वायरिंग आणि फ्रेमच्या घरगुती दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाकडे वडिलांची बुलेट आहे, कुणाकडे आरएक्स १००, कुणी साखळीहून येझदीचा सांगाडा उचलून आणलाय. गाड्या वेगळ्या असल्या तरी पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रश्न साधारण तेच येतात. उत्तरं वाचण्याआधी एक गोष्ट पक्की धरा. जुन्या गाडीत बॅटरीची एक बाजू, बहुतेक वेळा निगेटिव्ह, फ्रेमला जोडलेली असते. दिवा, हॉर्न, इंडिकेटर या सगळ्यांचा परतीचा करंट लोखंडातूनच बॅटरीकडे जातो; या परतीच्या जोडणीलाच ‘अर्थ’ म्हणतात. थोडक्यात, अर्धी वायरिंग म्हणजे ती फ्रेमच. म्हणून इथे गंजाचा आणि दिव्यांचा प्रश्न वेगळा काढता येत नाही.

(काही फार जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू फ्रेमला असते. बॅटरी जोडण्याआधी बघून घ्या, नाहीतर नवा रेक्टिफायर (एसी करंटचा डीसी करणारा भाग) पहिल्याच झटक्यात जाईल.)

घरी कुठलं काम करावं आणि कुठलं करू नये?

वायरिंग जवळजवळ सगळं घरी होतं. फ्रेमपैकी गंज काढणं, रंग, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश, हँडलचा कोन सेट (मानेतले बेअरिंग), नटबोल्ट ही कामंही पडवीत बसून करता येतात. तडा गेलेली नळी, वाकलेली फ्रेम आणि पेट्रोलच्या टाकीचं वेल्डिंग मात्र बाहेर द्या. वायरिंग चुकलं तर फ्यूज उडतो. वेल्डिंग चुकलेलं चोर्ला घाटाच्या वळणावर कळतं.

हत्यारं काय लागतील?

साधा डिजिटल मल्टिमीटर, थिंबल (वायरच्या टोकाला लावायचा धातूचा कान) दाबायचा खास पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, आणि १२ व्होल्ट २१ वॅटच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्प. भारीतला मीटर घ्यायची गरज नाही. पक्कड मात्र चांगला घ्या. साध्या पकडीने चेपलेलं थिंबल दिसायला ठीक दिसतं आणि पहिल्या पावसात दगा देतं.

इंडिकेटर दिला की मागचा दिवाही लुकलुकतो. ब्रेक दाबला की टेललाइट उलट मंद होते. स्विच खराब असेल का?

नाही. मागच्या दिव्याचा अर्थ गेलाय. करंटला परत जायची सरळ वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, आणि मग असे भुताचे खेळ दिसतात. लोक स्विच बदलतात, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलतात, शेवटी पूर्ण हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) बदलतात, आणि दोष एका गंजक्या बोल्टखाली शाबूत राहतो.

शोधायची पद्धत नीट सांगतो, कारण ही एक चाचणी हाताला बसली की अर्धं वायरिंग शिकल्यासारखंच आहे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सळी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या शिशावरच टेकवा, त्यावरच्या थिंबलवर नको. लाल सळी मागच्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्यावर. चावी चालू करा आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. आकडा ०.१ च्या आसपास राहिला तर अर्थ ठीक आहे. ०.२ च्या वर गेला तर संशय घ्या. १ व्होल्ट दिसला तर तेवढा व्होल्ट दिव्याला न मिळता परतीच्या वाटेवर वाया जातोय.

आता ब्रेक तसाच दाबलेला ठेवून लाल सळी एकेक टप्पा पुढे सरकवत या: होल्डरचा पत्रा, मग मडगार्ड, मडगार्डचा बोल्ट, तो बोल्ट ज्या फ्रेमला लागतो तिथलं खरवडलेलं लोखंड, मग बॅटरीच्या अर्थ वायरचं थिंबल. ज्या दोन टप्प्यांत आकडा एकदम खाली येतो, त्यांच्यामधला सांधा गुन्हेगार. तो उघडा, दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासा.

कायमचा उपाय हवा असेल तर मागच्या दिव्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत १ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र काळी वायर ओढा. हेडलाइटलाही तशीच एक, फक्त १.५ ची. जुन्या गाडीत एकच सुधारणा करायची असेल तर ती हीच, असं माझं ठाम मत आहे.

फ्रेम पावडर कोटिंग करून आणली. सगळं जोडलं, पण काहीच लागत नाही.

लागणार नाही. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकचा जाड थर, त्यातून करंट जात नाही. बॅटरीची अर्थ वायर, इंजिन जिथे फ्रेमला लागतं ती जागा, इग्निशन कॉइलची बैठक आणि रेक्टिफायरचा बोल्ट एवढ्या ठिकाणी कोटिंग खरवडून लोखंड उघडं करा, जोडा आणि वरून ग्रीस लावून झाका. कोटिंगवाल्याकडे द्यायच्या आधीच या जागांना आणि सगळ्या आट्यांना मास्किंग करून मागितलं तर हा खटाटोप वाचतो.

बॅटरी सारखी बसते. नवी टाकली तरी दोन महिन्यांत तेच.

आधी मोजा, मग खर्च करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या १२ व्होल्ट बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आता गाडी सुरू करून रेस मधल्या टप्प्यापर्यंत वाढवा: १३.८ ते १४.५ आलं तर चार्जिंग ठीक. १३ च्या वर जातच नसेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) गेलाय. असा रेग्युलेटर बॅटरीचं पाणी आटवतो आणि बल्बही उडवतो. ६ व्होल्टच्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी ६.३ च्या वर असते आणि चार्जिंगला आकडा ७ च्या आसपास जातो.

जुन्या बुलेटवाल्यांकडे हेडलाइटच्या घरावरच अमीटर (करंट दाखवणारा काटा) आहे, पण बऱ्याच जणांना तो शोभेचा वाटतो. हेडलाइट लावून गाडी हळू चालू ठेवली की काटा वजाकडे झुकतो, रेस दिली की अधिककडे यायला हवा. तो वजाकडेच चिकटून राहिला तर मीटर काढायचीही गरज नाही, दोष चार्जिंगमध्ये आहे.

चार्जिंग नसेल तर कॉइल प्लेटला (मॅग्नेटच्या आतली, करंट तयार करणारी प्लेट) हात घालण्याआधी कनेक्टर बघा. मॅग्नेटकडून येणाऱ्या वायरींचा प्लॅस्टिकचा कनेक्टर वितळलेला किंवा आतून हिरवा पडलेला मिळण्याची शक्यता इथल्या हवेत फार. ज्या गाडीत तीन पिवळ्या वायरी येतात तिथे कनेक्टर सोडवून, इंजिन चालू असताना दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्यांचा आकडा जवळजवळ सारखा हवा. इंजिन बंद करून त्यांपैकी एखादी वायर इंजिनच्या बॉडीशी जोडलेली दाखवली तर कॉइल जळलीय. जुन्या, एक टोक मुद्दाम अर्थ केलेल्या कॉइलना ही शेवटची खूण लागू नाही.

चार्जिंग बरोबर आहे आणि तरी बॅटरी बसते? मग गाडी उभी असताना करंट गळतोय. चावी बंद ठेवून निगेटिव्ह केबल काढा आणि मीटर १० अँपियरवर ठेवून मध्ये लावा. घड्याळ, अलार्म नसलेल्या जुन्या गाडीत आकडा शून्य हवा. मीटर असा लावलेला असताना किक मारू नका, हॉर्न वाजवू नका.

आणि एक कारण असं की ज्यात दोष कुणाचाच नाही. पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या, गाड्या बघा: म्हापशाच्या बाजारातून स्टँडवर, स्टँडवरून हॉस्पिटलात, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, वर हॉर्न आणि ब्रेकलाइट सतत. बॅटरीला भरायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एक रात्र छोट्या चार्जरवर लावणं हाच उपाय.

फ्यूज लावला की उडतो. कितीदा बदलू?

एकदाही नको. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावू नका. त्याने फ्यूज वाचतो, गाडी जळते. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल आणि वायर सुखरूप राहील. मग एकेक कनेक्टर सोडवत जा, हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवा, सीटखालच्या वायरी हलवा. ज्या क्षणी बल्ब विझतो किंवा मंद होतो, तिथे सोललेली वायर लोखंडाला लागतेय. बहुतेकदा ती हँडलच्या मानेजवळ किंवा टाकीखाली चिरडलेली सापडते.

पाऊस लागला की गाडी मिस मारते, ऊन पडलं की ठीक.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हा प्रश्न येणारच. अंधारात गाडी सुरू करा आणि फवाऱ्याने प्लग कॅप, प्लगची जाड वायर आणि कॉइलवर थोडं पाणी मारा. जिथून ठिणगी बाहेर उडते ती जागा निळी चमकून स्वतःच सांगते. हात मात्र लांब ठेवा. प्लग कॅप आणि वायर दोन्ही बदला, महाग नसतात.

पॉइंटवाली गाडी (जिच्यात ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क असतात) असेल तर पॉइंटचं झाकण आणि त्याचं गॅस्केट बघा. आत दमट हवा गेली की पॉइंटवर पांढरट थर येतो. जुन्या बुलेटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट साफ केले तरी पुन्हा लगेच काळे जळत असतील तर कंडेन्सर बदला.

हेडलाइट काजव्याएवढा. एलईडी टाकू का? की ६ व्होल्टची गाडी १२ करू?

आधी बल्बच्या पिनवर किती व्होल्ट पोचतात ते मोजा. व्होल्टेज १० टक्के घटलं तर फिलामेंटच्या बल्बचा उजेड साधारण ३० टक्के घटतो. म्हणजे एक खराब सांधा पुरतो. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटला करंट दुप्पट लागतो, त्यामुळे तिथे सांधे आणखी छळतात. स्वच्छ सांधे आणि स्वतंत्र अर्थ दिल्यावर निम्म्या लोकांना एलईडीची आठवणही राहत नाही.

एलईडी टाकायचीच असेल तर तुमचा हेडलाइट बॅटरीवर आहे की थेट मॅग्नेटवर, ते बघा. थेट मॅग्नेटवरचा करंट एसी असतो आणि रेसबरोबर वरखाली होतो. त्यावर डीसीची एलईडी लुकलुकते किंवा जळते. इंडिकेटर एलईडी केले तर फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक घ्या.

६ ची १२ करायची तर फक्त बॅटरी बदलून भागत नाही. कॉइल प्लेट, रेग्युलेटर, इग्निशन कॉइल, हॉर्न, फ्लॅशर आणि सगळे बल्ब असा पूर्ण संसार बदलावा लागतो. अस्सल जुनी येझदी असेल तर मी करणार नाही.

सांधा सोल्डर करू की थिंबल दाबू?

गाडी थरथरते. सोल्डर केलेली वायर जिथे कथिल संपतं तिथे ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते. म्हणून नीट दाबलेलं थिंबल आणि वर हीट श्रिंक. सोल्डर करायचंच झालं तर राळेचा फ्लक्स वापरा, आम्लाचा कधीच नाही, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाका म्हणजे हलणार नाही. घरच्या वायरिंगची काळी टेप वापरू नका. दोन उन्हाळ्यांत तिचा गोंद पाझरतो, त्यावर लाल धूळ बसते आणि पुढच्या माणसाच्या तोंडी शिव्या येतात.

पूर्ण हार्नेस बदलू का?

दोन-तीन ठिकाणी वायर टोकापासून चार बोटं सोलून बघा. आतलं तांबं तांबूस असेल तर फक्त टोकं बदला. कळकून हिरवं किंवा आतपर्यंत काळं पडलं असेल तर हार्नेस गेला. खाऱ्या हवेत ओल वायरच्या आत चढते, आणि काळ्या तांब्यावर कुठलंच थिंबल टिकत नाही. तयार हार्नेस घेताना जुना समोर ठेवून रंग जुळवा. स्वतः बांधत असाल तर दिव्यांना ०.७५ ते १ चौरस मिलिमीटर, हेडलाइटला १.५ आणि बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरीला २.५ धरा. जुना काढण्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा.

फ्रेमचा गंज नेमका कुठे शोधायचा?

जिथे दिसत नाही तिथे. टाकी आणि सीट काढल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. टाकीखालच्या नळीवर रबराच्या बैठका असतात, त्यांच्याखाली ओल साठते. बॅटरीच्या कप्प्याखाली आम्ल गळलेलं असतं; तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फेस यायचा थांबेपर्यंत, आणि मग धुऊन घ्या. मागच्या मडगार्डच्या आत, चिमट्याच्या खालच्या बाजूला आणि डबल स्टँडच्या कानांशी लाल चिखलाचा थर बसतो. डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात ही धूळ जास्त असते, आणि ती ओल धरून ठेवते.

किनाऱ्यावरच्या आणि फेरीने जाणाऱ्यांनी जास्त जपावं. चोडण-रायबंदर किंवा केरी-तेरेखोल करणाऱ्यांची गाडी भरतीच्या वेळी रॅम्पवरच्या खाऱ्या पाण्यातून जाते. घरी आल्यावर बादलीभर गोडं पाणी खालून मारा. प्रेशर वॉशर नको, तो बेअरिंगमध्ये आणि कनेक्टरमध्ये पाणी घुसवतो.

फ्रेम आणि चिमट्याला खाली बारीक भोकं असतात, आतलं पाणी निघून जायला. ती मातीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा; आतून गंजाचं पाणी आलं तर नळी आतून खाल्ली जातेय. मग छोट्या हातोडीने नळीभर हलके ठोके मारत जा, मडकं घेताना वाजवून बघतात तसे. चांगल्या नळीचा आवाज खणखणीत असतो. पातळ झालेल्या जागी तो बसका होतो. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोराने दाबा. टोक आत रुतलं तर रंगाचा विचार सोडा.

गंज काढून वर काय लावू? सगळे रेडऑक्साइड सांगतात.

गेटला ठीक आहे. फ्रेमला एका हाताच्या रेडऑक्साइडने समुद्राची हवा अडत नाही. सुटा गंज ब्रशने पूर्ण काढा, खड्ड्यांत उरलेल्या चिवट गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, त्यानंतर इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पीयूचं हार्डनर फुप्फुसांना घातक असतं. तो फवारायचा तर वाफ गाळणारा योग्य मास्क हवा, रुमालाने भागत नाही. ब्रशने मारलेलाही चालतो. नळीच्या आत भोकांमधून पातळ मेण फवारता आलं तर बाहेरच्या रंगापेक्षा त्याचाच उपयोग जास्त.

आणि हे काम जुलैत काढू नका. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना मारलेला रंग आत ओल घेऊन बसतो. चतुर्थीच्या आधी गाडी चकचकीत हवी म्हणून घाई करणारे दिवाळीला पुन्हा खरवडत बसतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

रंगावर केसाएवढी रेघ दिसतेय. तडा असेल का?

रेघेतून गंजाचा तपकिरी ओघळ आला असेल तर बहुधा हो. रंग काढा आणि तडा शोधायचा स्प्रे वापरा: आधी लाल द्रव, मग पुसून पांढरी पावडर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हँडलची मान, इंजिनच्या बैठका आणि मागच्या शॉकअबचे वरचे कान या जागा आधी बघा. बुलेटच्या जुन्या फ्रेमला इंजिनखालून नळी नसते, इंजिनच ती जोड पूर्ण करतं. त्यामुळे इंजिनचे बोल्ट सैल राहिले की भार भलतीकडे जातो आणि कान फाटतात.

तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं तर तो पुढे सरकायचा थांबतो. पण ती दुरुस्ती नव्हे, वेल्डरपर्यंत पोचण्याची सोय. तीही गाडी टेम्पोत घालून.

वेल्डरला आधी विचारा की पूर्वी तिथे पितळी जोड होता का हे तो बघणार आहे का. ब्रिटिश वळणाच्या जुन्या फ्रेममध्ये नळ्या ओतीव लगमध्ये (सांध्याच्या लोखंडी खोबणीत) पितळाने जोडलेल्या असत. पितळ राहिलेल्या जागी आर्क मारला तर नवा तडा तिथूनच सुरू होतो. देण्याआधी टाकी, बॅटरी, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा) आणि रेग्युलेटर काढून ठेवा. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगा, चाकाला नको, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. आणि ती जागा ब्रेक क्लीनरने पुसू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनची द्रावणं असतात, आणि आर्कच्या उष्णतेने त्यांचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

गाडी एका बाजूला ओढते. फ्रेम वाकलीय?

लगेच तो निष्कर्ष नको. डबल स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल हळू फिरवा. सरळ रेषेत ते खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट गेलाय. मागचं चाक धरून आडवं हलवा; चिमटा खेळत असेल तर बुश. हे दोन्ही ठीक असतील तर मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी पुढेपर्यंत दोरी ताणा आणि पुढच्या टायरपासूनचं अंतर दोन्हीकडे मोजा. फरक आला तर आधी चेन ॲडजस्टरच्या दोन्ही खुणा सारख्या आहेत का बघा. त्यानंतरही फरक राहिला, तर फ्रेम जिगवर (मोजून सरळ करायच्या साच्यावर) चढवणारा माणूस शोधा. घरी जॅक लावून सरळ करायला जाऊ नका.

स्टेनलेसचे बोल्ट टाकले तर गंजाची कटकट जाईल ना?

बोल्टची जाईल, इंजिनच्या ॲल्युमिनियमची वाढेल. दोन धातू आणि मध्ये खारी ओल असली की ॲल्युमिनियम झिजतं, आणि बोल्ट आतच जाम होतो. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा.

चॅसी नंबरवर गंज चढलाय. ग्राइंडर मारू?

अजिबात नको. तो घासला गेला तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत फिरावं लागेल. मऊ ब्रश, थोडं रस्ट कन्व्हर्टर आणि वर पारदर्शक लॅकर. आरसीवर नोंदलेल्या गोष्टी परवानगीशिवाय बदलता येत नाहीत, मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं. फ्रेम बदलायची वेळ आली तर आधी आरटीओ, मग स्पॅनर. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी फॉर्म २५ भरून वाढते. त्या तपासणीला नंबर वाचता यायला हवा.

टाकीला बारीक भोक पडलंय. रिकामी करून, धुऊन घरीच डाग मारू का?

नाही. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.

पावसाळाभर गाडी उभी ठेवायची आहे. काय करू?

बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत ओल धरायला जागा उरत नाही. कार्ब्युरेटर मात्र रिकामा करा. ताडपत्री गाडीला लपेटू नका, आत वाफ कोंडते. पडवीत उभी करून वरून सुती चादर टाका, खाली हवा खेळू द्या. कनेक्टर एकदा उघडून डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा, नाहीतर उंदीर संसार थाटतात. ती चिंधी लाल रंगाची घ्या, ऑक्टोबरात किक मारण्याआधी दिसली पाहिजे.